पातूरची पाटी आणि आपली साक्ष

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत पातूर येते. डोंगराच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. इथे रेणुकामातेची टेकडी आहे, शाहबाबूंचा दर्गा आहे, आणि जुन्या कागदपत्रांत गावाचे नावच 'पातूर शेख बाबू' असे येते. या गावच्या नगर परिषदेच्या पाटीने अकोला, अमरावती, नागपूर आणि दिल्ली असा लांबचा प्रवास केला. पाटीवर वर मराठीत नगर परिषदेचे नाव आणि खाली तेच नाव उर्दूत, एवढाच मजकूर. नगर परिषद १९५६ साली झाली, तेव्हापासून उर्दूचा वापर चालत आलेला. गावात उर्दू वाचणारी वस्ती मोठी, म्हणून कुणाला त्यात वावगे वाटले नव्हते.

पुढे एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली. कारभार मराठीतच असावा, पाटीवर उर्दू नको, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२० मध्ये नगर परिषदेने बहुमताने ठराव केला की उर्दू राहू द्यावी. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी हरकत मान्य केली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. मग उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, मग सर्वोच्च न्यायालय. मधल्या काळात २०२२ साली स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा नवा कायदा आला, म्हणून पुन्हा नागपूर, पुन्हा दिल्ली. शेवटी १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला. कायदा मराठी असलीच पाहिजे असे म्हणतो. मराठीच्या जोडीला दुसरी भाषा नको असे म्हणत नाही. आणि न्यायालयाने याहून महत्त्वाची एक गोष्ट सांगितली : भाषा म्हणजे धर्म नव्हे. भाषा एखाद्या मुलखाची असते, तिथल्या माणसांची असते. ती धर्माची नसते.

माझे एक मित्र आहेत. आम्ही दोघे एकाच शाळेतून निवृत्त झालो. मी मराठी शिकवत होतो, ते गणित. निकालाची बातमी वाचून ते हसले आणि अस्सल वऱ्हाडीत म्हणाले, "सर, पाटी कोनत्याई भाषेत लावा, घरपट्टी तं तेवढीच भरा लागते!" मीही हसलो. पण मग मनात आले, ज्या अर्जाने हे सगळे सुरू झाले तो 'अर्ज', तो 'दाखल' करणे, तो 'मंजूर' किंवा 'नामंजूर' होणे, नगरसेविकेच्या पदामागे लागलेला 'माजी', हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्या मराठीत आलेले आहेत. पाटीवरून उर्दू पुसता येईल, पण अर्जातून ती कशी पुसणार?

इथपर्यंत आपण सगळे खूश. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर मशिदीबाहेर हीच चर्चा होती. कुणी म्हणाले, उर्दू जिंकली. एक तरुण मुलगा म्हणाला, "सर, इस्लाम जिंकला." मी त्याला तिथे काही बोललो नाही. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण न्यायालयाने नेमके याच्या उलट सांगितले होते. उर्दू म्हणजे इस्लाम नव्हे, म्हणूनच तर ती पाटीवर राहू शकते! ज्यांना ती पाटी खुपत होती आणि ज्यांना ती पाटी म्हणजे दीनची फतेह वाटत होती, ते दोघे एकाच समजुतीवर उभे होते. दोघांनीही लिपी पाहिली होती, मजकूर कुणीच वाचला नव्हता. मजकूर फक्त 'नगर परिषद, पातूर' एवढाच होता.

या समजुतीची किंमत आपण मराठी बोलणाऱ्या, मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांनी दोन्हीकडून मोजली आहे. माझ्या वडिलांनी मला मराठी शाळेत घातले तेव्हा मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्यांना बजावले होते की, पोरगा हातचा जाईल. आणि मी शिक्षक झाल्यावर शाळेतले सहकारी कौतुकाने म्हणत, "सर, तुम्ही मुसलमान वाटतच नाही." पहिल्याला वाटत होते की मराठीने माझा ईमान जाईल, दुसऱ्यांना वाटत होते की तो गेलाच आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या मुळाशी हेच दुखणे होते. म्हणून पातूरचा निकाल आपल्याला नुसता आनंद देणारा नाही, तो आपल्यालाही काही विचारणारा आहे. धर्म म्हणजे भाषा नव्हे, लिपी नव्हे, पोशाख नव्हे, मोहल्ला नव्हे, तर मग सेक्युलर म्हणवणाऱ्या समाजात धर्म म्हणजे काय आणि त्याची जागा कोणती?

शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्या राज्यघटनेच्या सरनाम्यात मराठीत 'धर्मनिरपेक्ष' आहे. हिंदीत त्याच जागी 'पंथनिरपेक्ष' आहे. उर्दूत पुष्कळ वर्षे कित्येक जण 'लादीनी' असा शब्द वापरत आले. लादीनी म्हणजे दीन नसलेला! या एका शब्दाने आपल्या समाजाचे फार नुकसान केले. सेक्युलर म्हणजे खुदाला न मानणारा, अशी समजूत करून घेऊन कित्येक भल्या माणसांनी त्या विचाराकडे पाठ फिरवली. हा शब्द घटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. तो काढून टाका, अशी मागणी करणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. पण शब्द नव्हता तेव्हाही गोष्ट होती.

त्याचा एक दाखला आपल्या मुलखाशी जोडलेला आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत सरनाम्यावर चर्चा चालू होती. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामत यांनी सूचना मांडली की, सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. विरोध नास्तिकांनी केला असता तर नवल नव्हते. पण पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्यांनी विरोध केला तो श्रद्धेच्याच बाजूने : श्रद्धा ज्याची त्याची असते, ती सगळ्यांच्या नावाने लादायची नसते. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवले की, देवावर मतदान करण्याची पाळी आमच्यावर आणू नका. तरीही मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. ईश्वराचे नाव सरनाम्यात आले नाही. मला या आकड्यांत ईश्वराचा पराभव दिसत नाही. ज्याचे अस्तित्व आपण हात वर करून ठरवू शकत नाही, त्याला मतपेटीबाहेर ठेवण्यातच अदब होती. अल्लाहला सरकारी शिक्क्याची गरज नाही, हे मुसलमानाला कुणी समजावून सांगावे लागू नये.

त्याच समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मुसलमानांतर्फे काझी सय्यद करीमुद्दीन होते. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी एक दुरुस्ती मांडली : कुणाच्याही घराची, अंगाची, कागदपत्रांची सबळ कारणावाचून झडती घेतली जाऊ नये, हा मूलभूत हक्क असावा. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली होती. पुढे मात्र ती घटनेत आली नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. मुसलमानांच्या जागेवर बसलेल्या माणसाने मागणी केली ती 'मुसलमानाच्या घराची' नव्हे, 'माणसाच्या घराची'. फाळणी होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. भीती मुसलमानांच्या मनात होतीच. पण त्या भीतीला त्यांनी सगळ्यांच्या हक्काचे रूप दिले. धर्माने सार्वजनिक जीवनात यावे तर असे यावे, असे मला वाटते.

काही जण म्हणतात, धर्म घरात ठेवा, उंबऱ्याबाहेर नको. फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांत ठळक धार्मिक खुणांना मनाई केली, ती काहीशी याच विचाराने. आपल्याकडे हे जमणारे नाही आणि जमूही नये. वऱ्हाडातून धर्म उंबऱ्याच्या आत कोंडला असता तर आपले काय राहिले असते? शेंडगावचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडत फिरले आणि रात्री कीर्तनातून अंधश्रद्धा झाडत राहिले. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी सर्वांना एकत्र बसवणारी सामुदायिक प्रार्थना दिली. अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली जी चळवळ झाली, तिच्यात डॉ. पंजाबराव देशमुख होते आणि तिथल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. हा सगळा धर्म रस्त्यावरचाच होता. आपल्याकडचा जकातीचा पैसा एखाद्या गरीब पोराची फी भरतो, तेव्हा तोही उंबऱ्याबाहेर पडलेला धर्मच असतो.

दुसरे काही जण म्हणतात, बहुसंख्यांचा जो धर्म तो राज्याचा असला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे की, मग अंबादेवीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाने दाद कुणाकडे मागायची? दार बंद करणाऱ्याच्याच हातात कायदाही गेला की संपले. आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आणि त्याच कलमात हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला ठेवला. म्हणजे राज्य धर्मापासून दूर आहे, पण धर्माच्या नावाने माणसाचा माणूसपणा नाकारला जातो तिथे ते आंधळे नाही.

आपल्या बाजूलाही हीच कसोटी लागते. चिपळूणकडच्या हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम बायांना घेऊन मुंबईच्या विधान भवनावर मोर्चा नेला. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नित्व बंद करण्याची होती. दलवाईंशी मतभेद असणारे पुष्कळ होते, आजही आहेत. पण एका बैठकीतला तीन तलाक घटनाबाह्य ठरला तो २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयात. मधली एक्कावन्न वर्षे आपण काय करत होतो? जी गोष्ट चांगली नाही असे आपले उलेमाही खाजगीत म्हणत, ती दुरुस्त करायला आपण न्यायालयाची वाट पाहत बसलो, आणि मग 'धर्मात हस्तक्षेप झाला' म्हणून ओरडलो. जो समाज आपले घर स्वतः झाडत नाही, त्याच्या घरात दुसऱ्याचा झाडू येतो. गाडगेबाबांच्या मुलखात राहून एवढे तरी आपल्याला कळायला हवे होते.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. तोही अकोल्याचाच आहे.

मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल पेटली. एक माणूस मारला गेला. मरणारा हिंदू होता. त्या रात्री जबर जखमी झालेल्या एका सतरा वर्षांच्या मुस्लिम मुलाने पुढे न्यायालयात सांगितले की, त्या माणसावरचा हल्ला आपण पाहिला, आणि पाहिले म्हणूनच आपल्यालाही मारले. त्याच्या म्हणण्यानुसार, तो माणूस एका मुसलमानाच्या रिक्षात होता म्हणून हल्लेखोरांनी त्याला मुसलमान समजून मारले. हा आरोप आहे. खरेखोटे ठरवणे तपासाचे आणि न्यायालयाचे काम. पण पातूरची पाटी आठवून पाहा. तिथे लिपी पाहिली, मजकूर पाहिला नाही. इथे, आरोप खरा असेल तर, रिक्षा पाहिली, माणूस पाहिला नाही.

मुलाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला नाही. उच्च न्यायालयात त्याची याचिका फेटाळली गेली. ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती संजय कुमार आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांनी पोलिसांना खडसावले. वर्दी अंगावर चढली की जातधर्माचा कल उतरवून ठेवायचा असतो, असे सुनावले. आणि तपासासाठी विशेष पथक नेमायला सांगितले, ज्यात हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे वरिष्ठ अधिकारी असावेत. राज्य सरकारने त्या शेवटच्या भागाचा फेरविचार मागितला : अधिकाऱ्यांचा धर्म मोजून पथक बनवणे हेच धर्मनिरपेक्षतेला धरून नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्यायमूर्ती कुमार आपल्या मतावर ठाम राहिले. धर्मनिरपेक्षता कागदावर न राहता व्यवहारात दिसली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती शर्मा यांना फेरविचार व्हावा असे वाटले. प्रकरण सरन्यायाधीशांपुढे गेले.

यावर माझ्या मित्राशी माझा तास-दीड तास वाद झाला. ते म्हणाले, "सर, आज तपासाले दोन्हीकडचे साहेब पाह्यजेत म्हनता. उद्या मास्तरबी दोन्हीकडचे, डाक्टरबी दोन्हीकडचे? मंग सेक्युलर कायचं राह्यलं?" त्यांचा मुद्दा खरा आहे. वर्दीतल्या माणसाला आपण हिंदू शिपाई, मुस्लिम शिपाई म्हणून मोजू लागलो तर वर्दीचा अर्थ संपतो. आणि मुस्लिम अधिकारी मुसलमानाची बाजू घेईल, हिंदू अधिकारी हिंदूची, असे आधीच गृहीत धरणे हा दोघांचाही अपमान आहे. मी त्यांना म्हटले, हे सगळे मला कबूल. पण ज्या आईच्या पोराची तक्रारच लिहून घेतली गेली नाही, तिला 'वर्दीला धर्म नसतो' हे वाक्य कसे पटावे? वर्दीला धर्म नसतो हे खरे असायला हवे, आणि ते खरे आहे असे तिला दिसायलाही हवे. दोन्ही समाजांचे अधिकारी हे औषध आहे, अन्न नव्हे. ताप असताना घ्यावे, रोज घेऊ नये. पण ताप नाहीच असे म्हणून औषध नाकारणे हेही बरोबर नाही.

आम्ही दोघेही पूर्ण जिंकलो नाही. पण बोलता बोलता एक शब्द हाताला लागला. उर्दूत 'ईमान' म्हणजे श्रद्धा. तोच शब्द मराठीत 'इमान' झाला आणि त्याचा अर्थ झाला सचोटी, खाल्ल्या मिठाला जागणे. आपला मराठी शेतकरी 'इमानेइतबारे' काम करतो आणि दगा देणाऱ्याला 'बेइमान' म्हणतो, तेव्हा तो कुणाचा मजहब विचारत नाही. मला वाटते, उत्तर या शब्दात आहे. राज्याला मजहब नको, पण इमान हवे. आणि ते इमान आकाशातून पडत नाही. ते शिपायाच्या, कारकुनाच्या, साक्षीदाराच्या अंगात असावे लागते. त्याच्यापर्यंत ते कुठून येते? पुष्कळदा त्याच्या धर्मातूनच येते. सूरह निसामध्ये हुकूम आहे की, न्यायावर ठाम राहा, साक्ष स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरोधात जात असली तरी द्या. सूरह माइदा सांगते की, एखाद्या लोकसमूहाबद्दलच्या वैराने तुमचा न्याय ढळू देऊ नका. खरा मुसलमान अधिकारी असेल तर मुसलमान आरोपीला त्याच्यापासून सूट मिळणार नाही. हिंदू अधिकाऱ्यालाही त्याचा धर्म हेच शिकवतो, असे माझे मित्र म्हणतात, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. असा धर्म धर्मनिरपेक्ष राज्याचा शत्रू नाही. त्याच्यावाचून ते राज्य नुसत्या कायद्याच्या पुस्तकांवर फार दिवस चालणार नाही. धोका आहे तो दुसऱ्या धर्मापासून, जो माणसाला 'खरे बोल' असे न सांगता 'आपल्यांच्या बाजूने बोल' असे सांगतो. तो पाटीवर भांडतो, झेंड्यावर भांडतो, भोंग्यावर भांडतो, आणि साक्षीची वेळ आली की घरात जाऊन कडी लावतो.

वाद संपवून आम्ही चहा घेतला. मग माझ्या मित्राने मला एक प्रश्न विचारला. टोमणा नव्हता, चाळीस वर्षांच्या दोस्तीच्या हक्काने विचारला होता. "सर, समजा त्या राती उलटं झालं असतं. मारनारा तुमच्या मोहल्ल्यातला पोरगा असता अन् तुम्ही खिडकीतून पाह्यलं असतं. तं तुम्ही साक्ष देली असती?"

मी म्हणालो, "दिली असती."

पण हे उत्तर द्यायला मला वेळ लागला. एवढ्या वेळात मोहल्ला डोळ्यांपुढून गेला, त्या पोराची अम्मी गेली, मशिदीबाहेर उभी राहणारी माणसे गेली, आपला नातू शाळेत एकटा पडेल हेही मनात येऊन गेले. मित्राने तो उशीर पाहिला आणि काही म्हटले नाही. मीही त्यांना उलट तोच प्रश्न विचारू शकलो असतो, विचारला नाही. कदाचित त्यांनाही तेवढाच वेळ लागला असता.

पातूरच्या पाटीवर उर्दू राहिली, याचा मला आनंद आहे. ती आपल्या मुलखाची भाषा आहे, राहायलाच हवी. पण धर्मनिरपेक्ष देशात माझा धर्म कुठे आहे, असे कुणी विचारले तर मी त्या पाटीकडे बोट दाखवणार नाही. तो त्या प्रश्न आणि उत्तराच्या मधल्या उशिरात आहे. तो उशीर जेवढा कमी होईल, तेवढा मी अधिक मुसलमान आणि तेवढाच अधिक भारतीय. तुम्हाला किती वेळ लागला असता, हे प्रत्येकाने आपापल्या खिडकीत उभे राहून विचारून पाहावे.